दुर्मिळ जुनी मोटार : जगात किती उरल्या हे कसे शोधावे

एखाद्या दुर्मिळ जुन्या मोटारीविषयी वाचताना ‘या गाडीचे आज जगात अमुक इतकेच नग उरले आहेत’ असे वाक्य हमखास भेटते. हा आकडा कोठून आला, तो कोणत्या वर्षाचा आहे आणि ‘उरलेली गाडी’ म्हणजे काय धरले आहे, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. लिलावाच्या पुस्तिकेत तर आकडा जितका लहान तितका विक्रेत्याचा फायदा अधिक, त्यामुळे तेथील आकड्याकडे जरा सावधपणेच पाहावे. असा आकडा स्वतः कसा काढावा आणि दुसऱ्याने दिलेला कसा तपासावा, हे नवख्या वाचकासाठी येथे क्रमाने सांगितले आहे. मुख्य उदाहरण म्हणून अमेरिकेतील टकर ४८ ही गाडी घेतली आहे. तिचे एकूण नग इतके थोडे आहेत की प्रत्येकाचा माग काढता येतो, आणि तरीही या कामात येणारी जवळपास प्रत्येक अडचण तिच्या बाबतीत आलेली आहे.

पायरी पहिली : प्रश्न नेमका करा

‘मर्सिडीज ३०० एसएल किती उरल्या?’ हा प्रश्न ऐकायला सरळ वाटतो, पण त्याचे एकच उत्तर नाही. १९५४ ते १९५७ या काळात वर उघडणाऱ्या दारांची बंद गाडी १,४०० नगांपर्यंत बनली; त्यानंतर १९६३ पर्यंत उघड्या टपाची गाडी १,८५८ नगांपर्यंत बनली; आणि त्या १,४०० पैकी फक्त २९ गाड्यांची बॉडी पूर्ण ॲल्युमिनियमची होती. कोणी ‘अत्यंत दुर्मिळ ३०० एसएल’ म्हणतो तेव्हा तो या तीनपैकी कोणत्या गटाबद्दल बोलतो आहे, हे आधी विचारावे लागते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच मॉडेल, निर्मितीची वर्षे, बॉडीचा प्रकार आणि शक्य असल्यास इंजिनाचा प्रकार लिहून ठेवावा. नमुना म्हणून किंवा शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्या धरायच्या की नाहीत, हेही त्याच वेळी ठरवावे. पुढे मधेच हा निर्णय बदलला तर आधीचे सगळे आकडे निरुपयोगी होतात.

पायरी दुसरी : मुळात किती बनल्या हे ठरवा

किती उरल्या हे कळण्यासाठी किती बनल्या हे माहीत असणे आवश्यक आहे, आणि येथेच पहिली गफलत होते. टोयोटा २००० जीटी या १९६७ ते १९७० मधील जपानी गाडीसाठी कोठे ३५१ तर कोठे ३३७ हा आकडा दिलेला आढळतो. पहिल्यात नमुना गाड्या आणि खास कामासाठी बनवलेल्या गाड्या येतात, दुसऱ्यात फक्त नियमित उत्पादन येते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका लेखातील निर्मितीचा आकडा आणि दुसऱ्या लेखातील उरलेल्यांचा आकडा घेऊन वजाबाकी करण्यात.

टकरच्या बाबतीत ही बाब अधिक गुंतागुंतीची आहे. प्रेस्टन टकर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो येथे, युद्धकाळात बॉम्बफेकी विमानांची इंजिने जेथे बनत त्या प्रचंड कारखान्यात, आपली कंपनी थाटली. १९ जून १९४७ रोजी हाताने बनवलेली नमुना गाडी त्यांनी लोकांसमोर आणली. तिला ‘टिन गूज’ हे टोपणनाव पडले. पुढच्या वर्षी खरे उत्पादन सुरू होते न होते तोच भागभांडवलाच्या विक्रीबाबत सरकारी चौकशी लागली, पैशाचा ओघ आटला आणि कारखाना बंद पडला. टकर आणि त्यांचे सहकारी जानेवारी १९५० मध्ये न्यायालयातून निर्दोष सुटले खरे, पण तोवर कंपनी संपली होती.

कारखान्यात एकूण ५८ चौकटी आणि बॉड्या तयार झाल्या होत्या. कारखाना बंद होण्यापूर्वी त्यांतून ३६ गाड्या पूर्ण झाल्या, आणि बंद झाल्यानंतर राहिलेल्या मोजक्या कामगारांनी हाताशी असलेल्या सुट्या भागांतून आणखी १४ जुळवल्या. अशा रीतीने १००१ ते १०५० या क्रमांकांच्या ५० गाड्या झाल्या आणि नमुना गाडी धरून ५१. म्हणजे ५८, ५०, ३६ आणि ५१ हे चारही आकडे टकरबद्दल खरे आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या गाडीच्या बाबतीतही चौकटी किती बनल्या, गाड्या किती पूर्ण झाल्या आणि विकल्या किती गेल्या, हे तीन आकडे वेगवेगळे मिळतात का ते पाहावे. कंपनी आकस्मिक बंद पडली असेल तर ते हमखास वेगळे असतात.

पायरी तिसरी : आकडा नव्हे, तक्ता बनवा

संपूर्ण कामातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ‘उरलेल्या गाड्या’ मोजायला निघालेला माणूस बहुधा फसतो, कारण एकच गाडी तीन मालकांकडे, दोन रंगांत आणि दोन देशांत दिसते आणि तीन वेळा मोजली जाते. त्याऐवजी निर्मितीच्या यादीपासून सुरुवात करावी. प्रत्येक चॅसिस क्रमांकासाठी, म्हणजे कारखान्याने गाडीच्या चौकटीला दिलेल्या ओळख क्रमांकासाठी, एक ओळ आखावी आणि ती ओळ भरत जावी. टकरसाठी हा तक्ता ५१ ओळींचा होईल. ज्या गाडीच्या शेकडो प्रती बनल्या तिच्यासाठी तो शेकडो ओळींचा होईल, पण पद्धत तीच राहते.

प्रत्येक ओळीत चॅसिस क्रमांक, बसवलेल्या इंजिनाचा क्रमांक, कारखान्यातून निघतानाचा रंग, पहिल्या विक्रीचे ठिकाण, गाडी शेवटची कधी आणि कोठे दिसली, आणि तसे दिसल्याचा पुरावा कोणत्या प्रकारचा आहे, इतके रकाने पुरेत. शेवटचा रकाना नवखे लोक गाळतात आणि पुढे पस्तावतात. ‘क्रमांकाची पट्टी प्रत्यक्ष पाहिली’, ‘पट्टीचे छायाचित्र आहे’, ‘संग्रहालयाच्या नोंदीत आहे’, ‘लिलावाच्या पुस्तिकेत छापले आहे’ आणि ‘कोणी तरी सांगितले’ या पाच गोष्टींचे वजन सारखे नाही, आणि दहा वर्षांनी तक्ता पाहणाऱ्याला ते वजन कळायला हवे.

ओळख चॅसिस क्रमांकावरूनच ठरवावी, इंजिनावरून नव्हे. टकरचे इंजिन हेलिकॉप्टरसाठी बनणाऱ्या फ्रँकलिन कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनावरून घेतलेले होते; हवेने थंड होणारे ते इंजिन पाण्याने थंड होईल असे बदलून गाडीच्या मागच्या भागात बसवले होते. गिअरबॉक्स तर अनेक गाड्यांना जुन्या कॉर्ड मोटारींतून काढून, दुरुस्त करून लावलेली होती. असे भाग पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेले तर आश्चर्य नाही. म्हणून इंजिनाचा क्रमांक पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण त्यावरून गाडी मोजू नये.

पायरी चौथी : ओळी भरा

सर्वांत सोप्या ओळी संग्रहालयांच्या असतात, म्हणून तेथून प्रारंभ करावा. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील ऑटोमोबाइल संग्रहालयात टकरच्या १००१, १०२२ आणि १०२६ या तीन गाड्या आहेत. त्यांपैकी १०२६ ही टकर कंपनीने स्वतः विकसित केलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सची गाडी आहे. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेकडे १०३९ आहे, आणि ती तेथे कशी पोहोचली हे या कामातील गमतीचे उदाहरण आहे : अमली पदार्थांच्या एका प्रकरणात सरकारने ती जप्त केली आणि नंतर संस्थेच्या स्वाधीन केली. जुन्या गाडीचा माग न्यायालयीन आणि जप्तीच्या कागदांतही लागू शकतो, हे त्यावरून ध्यानात घ्यावे. गाड्या मूळ देशातच असतील असेही धरून चालू नये; टकरचे नग जपान आणि ब्राझीलमध्येही पोहोचलेले आहेत.

त्यानंतर मालकांच्या संघटनांकडे वळावे. टकरच्या मालकांची आणि अभ्यासकांची अमेरिकेत संघटना आहे आणि बहुतेक दुर्मिळ मोटारींच्या बाबतीत अशी एखादी संघटना गाड्यांची नोंदवही सांभाळत असते. नोंदवही सांभाळणारे बहुधा निवृत्त, चिवट आणि अत्यंत काटेकोर गृहस्थ असतात. त्यांना थेट ‘यादी द्या’ म्हणू नये. आपल्या तक्त्यातील एखादी अडलेली ओळ घेऊन जावे आणि त्याबद्दल विचारावे, म्हणजे उत्तर मिळते. लिलावांच्या जुन्या पुस्तिका हा तिसरा स्रोत. त्यांतील किमतीचे अंदाज सोडून द्यावेत, पण चॅसिस क्रमांक, मालकांचा क्रम आणि छायाचित्रे काळजीपूर्वक टिपावीत.

सरकारी नोंदी मोहक असतात, पण त्यांच्यावर विसंबण्यापूर्वी त्या कशा तयार होतात हे समजून घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये वाहन नोंदणीची राष्ट्रीय आकडेवारी प्रसिद्ध होते आणि कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या रस्त्यावर आहेत व किती ‘रस्त्याबाहेर’ म्हणून जाहीर केल्या आहेत, हे त्यातून कळते. मात्र रस्त्याबाहेर ठेवल्याची सूचना देणे तेथे १९९८ च्या आरंभापासून बंधनकारक झाले. त्याआधीच एखाद्या शेतावरच्या कोठारात उभी करून विसरलेली गाडी दोन्ही रकान्यांत नसू शकते, आणि दुर्मिळ गाड्यांचे तर नेमके असेच होते. दुसरी अडचण मॉडेलच्या नावाची आहे : नोंद करणाऱ्याने नाव जसे टंकलिखित केले तसे ते राहते, त्यामुळे एकच मॉडेल चार-पाच वेगवेगळ्या नावांखाली विखुरते. ती सर्व नावे शोधून बेरीज केल्याशिवाय आकडा वापरू नये. अमेरिकेत नोंदणी राज्यनिहाय आहे. सतरा अक्षर-अंकांचा एकसारखा ओळख क्रमांक तेथे १९८१ सालच्या मॉडेलपासून आला आणि १९९४ च्या कायद्याने चालकांची व मालकांची माहिती गोपनीय केली. त्यामुळे टकरसारख्या गाडीचा शोध तेथे सरकारी संगणकावर नव्हे, तर संघटनेच्या नोंदवहीतच लागतो.

भारतातील गाडीचा शोध घेणाऱ्याला वेगळ्याच अडचणी येतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. गाडी भंगारवाल्याकडे गेल्यावर आरटीओची पायरी चढणारे मालक किती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून आरसी बुक आहे एवढ्यावरून गाडी आहे असे मानू नये. उलट बाजूने, एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात गाडी उभी असते आणि तिचे कागद कोणाकडेच नसतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज वाहनांची वेगळी नोंदणी सुरू केली. तिच्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. परंतु आधीपासून नोंदलेल्या गाडीचा मूळ क्रमांक कायम ठेवता येतो, त्यामुळे ‘व्हीए’ मालिकेतील नोंदी मोजून महाराष्ट्रात किंवा देशात अमुक मॉडेलच्या इतक्या गाड्या आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

छायाचित्रांना कमी लेखू नये. सार्वजनिक समारंभांत दिसणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे वर्षानुवर्षे जमा होत असतात. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणारी छत्रपतींची मेबॅक हजारो लोक दरवर्षी पाहतात. अशा गाडीची ‘शेवटची कधी दिसली’ ही नोंद दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रावरूनही करता येते. लग्नाच्या वरातीत किंवा व्हिंटेज मोटारींच्या मिरवणुकीत काढलेल्या जुन्या छायाचित्रांत नंबरप्लेट स्पष्ट असेल, तर तेही ग्राह्य पुरावे आहेत. मात्र तो नोंदणी क्रमांकाचा पुरावा झाला, चॅसिस क्रमांकाचा नव्हे, एवढे तक्त्यात लिहावे.

पायरी पाचवी : गेलेल्या गाड्यांची खात्री करा

नवख्या माणसाचे लक्ष उरलेल्या गाड्यांकडे असते. अनुभवी माणूस गेलेल्यांच्या मागे लागतो. कारण एखादी गाडी ‘नाही’ असे म्हणण्यालाही पुरावा लागतो.

टकरच्या ५१ ओळींपैकी चार ओळी या रकान्यात जातात. १०२७ ही गाडी इंडियानापोलिसच्या शर्यतीच्या मार्गावर चाचणी घेताना वेगात उलटली. पुढची काच ठरवल्याप्रमाणे बाहेर निघून पडली आणि चालक वाचला, पण गाडी पुढे संपली. १०१८ ही १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाडावर आदळून मोडली. १०२३ ही १९७८ मध्ये फ्लोरिडातील एका गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. १०४२ चे भाग लोकांनी काढून नेले आणि ती गाडी म्हणून शिल्लक राहिली नाही. ५१ मधून या चार वजा केल्या की ४७ हा सर्वत्र दिला जाणारा आकडा येतो. तो विश्वासार्ह वाटतो याचे कारण असे की ही वजाबाकी करता येते : कोणत्या चार गेल्या आणि त्या कशा गेल्या, हे सांगता येते. ज्या गाडीच्या बाबतीत ‘सुमारे तीस उरल्या असाव्यात’ असे म्हटले जाते, तेथे न उरलेल्यांची यादी मागून पाहावी. बहुधा ती नसतेच.

बनवणाऱ्या कंपनीने स्वतः गाड्या नष्ट केल्या असतील तर पुरावा सर्वांत भक्कम असतो. क्रायस्लर कंपनीने टर्बाइन इंजिनाच्या ५५ गाड्या बनवल्या. त्यांच्या बॉड्या इटलीतील तुरिन येथील घिया कारखान्यात तयार झाल्या. त्यांपैकी ५० गाड्या १९६३ ते १९६६ या काळात २०३ सामान्य कुटुंबांना आळीपाळीने वापरायला दिल्या होत्या. प्रयोग संपल्यावर कंपनीने ४६ गाड्या मोडून टाकल्या आणि ९ राखल्या. येथे ‘कोठेतरी कोठारात दहावी असेल’ अशा आशेला फारसा आधार उरत नाही.

याउलट बुगाटी टाइप ५७ एससी अटलांटिकच्या चार गाड्यांपैकी ५७४५३ क्रमांकाची काळी गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत दिसेनाशी झाली. ती जळाल्याचे, मोडल्याचे किंवा बुडाल्याचे सांगणारा कोणताही कागद उपलब्ध नाही. अशी ओळ ‘नष्ट’ या रकान्यात टाकू नये. तिच्यासाठी ‘बेपत्ता’ असा तिसरा रकाना ठेवावा. ‘उरलेल्या’ आणि ‘नष्ट झालेल्या’ या दोनच गटांत सगळे बसवण्याचा आग्रह धरला, की बेपत्ता गाड्या ज्याच्या त्याच्या सोयीने इकडे किंवा तिकडे ढकलल्या जातात. विक्रेत्याला त्या नष्ट हव्या असतात आणि शोध घेणाऱ्या छांदिष्टाला त्या अजून असायला हव्या असतात.

पायरी सहावी : काय झाले म्हणजे गाडी ‘उरली’?

येथे मतभेद होणारच, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच अटलांटिकपैकी ५७४७३ ही गाडी १९५५ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वेफाटकावर आगगाडीखाली सापडली. तिचे अवशेष जपले गेले आणि कित्येक वर्षांनी त्यांवरून गाडी पुन्हा उभी केली. चॅसिस क्रमांक तोच, काही भाग मूळचे, बरेचसे नव्याने घडवलेले. ‘अटलांटिक किती उरल्या?’ याचे उत्तर तीन द्यायचे की दोन, हे या एका गाडीकडे तुम्ही कसे पाहता यावर ठरते. माझ्या मते ती मोजावी, पण तिच्या ओळीत ‘पुनर्बांधणी’ असा शेरा ठळकपणे असावा. मूळ अवशेष आणि अखंड चालत आलेली मालकी असेल तर गाडी तीच समजणे रास्त आहे. नुसती क्रमांकाची पट्टी उरली असेल आणि बाकी सर्व नवे असेल, तर ती मोजू नये.

क्रमांकच दुसऱ्या वस्तूवर गेला तर आणखी घोळ होतो. बुगाटी टाइप ४१ रॉयालच्या १९२७ ते १९३३ या काळात सात गाड्या बनल्या. त्यांपैकी नमुना गाडी १९३१ मध्ये अपघातात गेली आणि सहा उरल्या, असे सांगतात. परंतु त्या नमुना गाडीचा ४११०० हा क्रमांक आज उरलेल्या सहांपैकी कूपे नेपोलियन या गाडीवर आहे. शिवाय त्या काळी श्रीमंत मालक आपल्या गाडीवर दुसरी बॉडी चढवून घेत असत, त्यामुळे एकाच चॅसिसची वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे पूर्णपणे वेगळ्या गाड्यांची वाटतात. छायाचित्रांवरून मोजणाऱ्याला रॉयाल सहापेक्षा बऱ्याच जास्त सापडतील.

कारखान्यानेच कालांतराने गाड्या बनवल्या तर काय करावे? १२ फेब्रुवारी १९५७ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जग्वारच्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. एक्सकेएसएस या गाडीचे २५ नग बनवायचे ठरले होते, त्यांपैकी ९ त्या आगीत गेले आणि १६ पूर्ण झाले. जवळजवळ साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, जग्वारने त्या ९ गाड्या जुन्या पद्धतीने बनवण्याची घोषणा केली आणि त्यांना त्याच मालिकेतील क्रमांक दिले. कंपनी तीच, आराखडा तोच, क्रमांकही त्याच मालिकेचा. तरी १९५७ मध्ये बनलेल्या एक्सकेएसएस किती उरल्या, या प्रश्नाच्या उत्तरात या नऊ गाड्या येऊ शकत नाहीत. म्हणूनच पहिल्या पायरीत निर्मितीची वर्षे लिहून ठेवायला सांगितले होते.

टकरमध्येही असे प्रसंग आहेत. कारखाना बंद पडताना १०५१ क्रमांकाची गाडी अर्धवट राहिली होती. ती बऱ्याच वर्षांनंतर उरलेल्या भागांतून पूर्ण करण्यात आली. काही जण तिला मोजतात, काही मोजत नाहीत. ५७ व्या बॉडीवरून बनवलेली म्हणून एक उघड्या टपाची टकरही पुढे आली. कारखान्यात अशी गाडी खरोखरच सुरू झाली होती, असा तिच्या बाजूने दावा आहे आणि अनेक जाणकार तो मान्य करत नाहीत. अशा गाड्यांना ४७ मध्ये मिसळू नये आणि तक्त्यातून काढूनही टाकू नये. मुख्य यादीखाली त्यांच्यासाठी स्वतंत्र यादी ठेवावी.

पायरी सातवी : मोठ्या संख्येसाठी अंदाज कसा बांधावा

काही हजार प्रती बनलेल्या गाडीचा प्रत्येक नग शोधणे शक्य नसते. तेथे दोन स्वतंत्र याद्या घेऊन अंदाज बांधण्याची, प्राणिशास्त्रज्ञ रानातील प्राणी मोजण्यासाठी वापरतात ती, रीत कामी येते. समजा, संघटनेच्या नोंदवहीत एका मॉडेलच्या ६० गाड्या आहेत आणि गेल्या वीस वर्षांच्या लिलावांच्या पुस्तिकांत ४० आढळल्या. या ४० पैकी २४ गाड्या नोंदवहीतही आहेत. म्हणजे नोंदवहीने बाहेर दिसलेल्या गाड्यांपैकी साठ टक्के पकडल्या आहेत. ६० हे एकूण संख्येचे साठ टक्के मानले तर एकूण गाड्या १०० च्या आसपास येतात.

हा अंदाज बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, कारण जो मालक संघटनेचा सभासद होतो तोच गाडी लिलावालाही पाठवतो. ज्याची गाडी ताडपत्रीखाली गंजत पडली आहे तो दोन्ही याद्यांत नसतो. म्हणून दुसरी यादी निवडताना ती पहिलीपासून जितकी दूरची मिळेल तितकी बरी : विम्याची, जुन्या गॅरेजच्या कामाची किंवा सुट्या भागांच्या विक्रेत्याची.

पायरी आठवी : आकडा लिहा

आता आकडा लिहायचा. ‘टकर ४८ च्या ४७ गाड्या उरल्या आहेत’ एवढे लिहू नये. ‘नमुना गाडी धरून बनलेल्या ५१ टकरपैकी ४७ अस्तित्वात असल्याचे ज्ञात आहे, १०१८, १०२३, १०२७ आणि १०४२ या चार गेल्या, नंतर पूर्ण केलेली १०५१ यात धरलेली नाही’ असे लिहावे आणि खाली तक्ता शेवटचा तपासल्याची तारीख द्यावी. ‘अस्तित्वात आहेत’ आणि ‘अस्तित्वात असल्याचे ज्ञात आहे’ यांतील फरक जपावा, कारण दुसरे विधान खोटे ठरवायला नवा पुरावा लागतो, पहिले मात्र एखाद्या गोदामाच्या दारामागूनही खोटे ठरू शकते. चालू स्थितीतील गाड्या किती, हे वेगळे माहीत असेल तर वेगळे लिहावे. क्रायस्लरच्या ९ टर्बाइन गाड्यांपैकी सगळ्या चालत नाहीत, आणि ‘९ उरल्या’ वाचणाऱ्याच्या मनात त्या सर्व धावत असतात.

वर्षातून एकदा तरी तक्ता पुन्हा चाळावा. लिलावांचा हंगाम संपल्यानंतर ते केलेले बरे, कारण मालकी तेव्हाच बदलते. नवी गाडी सापडल्याचे कोणी कळवले तर आनंदाने आकडा वाढवण्यापूर्वी चॅसिस क्रमांकाच्या पट्टीचे छायाचित्र मागावे आणि तो क्रमांक ‘नष्ट’ किंवा ‘बेपत्ता’ रकान्यातील कोणत्या ओळीशी जुळतो ते पाहावे. ‘नष्ट’ ओळीशी जुळला तर दोनच शक्यता उरतात : एकतर जुना पुरावा चुकीचा होता, किंवा नव्या गाडीची पट्टी संशयास्पद आहे. दुर्मिळ गाडीच्या किमती पाहता दुसरी शक्यता आधी तपासावी.

तक्ता इतरांना द्यायचा असेल तर मालकांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि गाडी ठेवलेली नेमकी जागा हे सर्व रकाने त्यातून काढून टाकावेत; ‘पश्चिम भारत, खासगी संग्रह’ एवढे पुरेसे आहे. पट्टीची छायाचित्रेही सरसकट वाटू नयेत, कारण खोटी पट्टी घडवणाऱ्याला त्यांचाच उपयोग सर्वाधिक होतो.